ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्यानंच गिटारचा आवाज मोठा केला : लिओ फेंडर

बीड असो, माजलगाव असो की परळी, लग्नसराईत बेंजो पार्टी बोलावली की वरातीला वेगळाच रंग चढतो. टेम्पोवर भोंगे, खाली ताशे आणि ड्रम. या सगळ्या गोंगाटाच्या वर ज्याचा सूर कानात घुसतो, तो असतो बेंजो.

गंमत अशी की हाच बेंजो घरी मांडीवर घेऊन वाजवला तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही. टाइपरायटरसारखी बटणं आणि त्याखाली थोड्या तारा, एवढाच त्याचा संसार. १९१२ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा हा आपल्याकडचा अवतार, ज्याला बुलबुलतरंगही म्हणतात. त्याला पिकअप बसवला आणि वायर अॅम्प्लिफायरला जोडली, की तोच बेंजो ताशांना पुरून उरतो.

तारांचं वाद्य मुळात हळू आणि चामड्याचं वाद्य मुळात मोठं. हे भांडण जगात सगळीकडं आहे. अमेरिकेत ते मिटवण्यासाठी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं आख्खं आयुष्य घातलं. त्याचं नाव लिओ फेंडर.

आज फेंडर म्हणलं की स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटार आठवतात. पण लिओची सुरुवात या गिटारपासून झालीच नाही. ती झाली मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारपासून आणि तिच्यासाठी लागणाऱ्या अॅम्प्लिफायरपासून. आणि विशेष म्हणजे या गड्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

संत्र्याच्या मळ्यातला पोरगा

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. आई-वडील शेतकरी. कॅलिफोर्नियात अॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधोमध त्यांचा संत्र्याचा मळा होता. लिओचा जन्म त्याच मळ्यातल्या कोठारात झाला.

आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. डोळा काढावा लागला आणि काचेचा डोळा बसवला. पुढं दुसऱ्या महायुद्धात याच कारणानं त्याला सैन्यात घेतलं नाही. त्याचे अनेक समवयस्क लढाईवर गेले तेव्हा तो दुकानात रेडिओ दुरुस्त करत बसला होता, आणि त्याच वर्षांत त्याच्या हातून मोठं काम सुरू झालं.

तेरा वर्षांचा असताना त्याच्या मामानं त्याला रेडिओचे टाकाऊ पार्ट भरलेली एक पेटी आणि बॅटरी पाठवली. मामाचं सांता मारिया गावात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. पुढच्या वर्षी लिओ तिथं गेला. मामानं जुन्या पार्टमधून जोडलेला रेडिओ दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला होता आणि त्याच्या स्पीकरमधून मोठ्यानं गाणी वाजत होती. तो मोठा आवाज आपल्या मनात कायमचा बसला, असं लिओ पुढं सांगायचा.

शिकला हिशेब, केले रेडिओ

लिओनं इलेक्ट्रॉनिक्सचं कुठलंही रीतसर शिक्षण घेतलं नाही. १९२८ मध्ये शाळा संपवून तो कॉलेजात गेला तो अकाउंट्स शिकायला. नंतर बर्फ आणि शीतगृहाच्या एका कंपनीत माल पोचवायचं काम केलं, मग तिथंच हिशेबनीस झाला. रेडिओचं काम फावल्या वेळात चालूच होतं.

त्याच काळात एका स्थानिक बँडवाल्यानं त्याला विचारलं, नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचा संच करून देशील का? लिओनं असे सहा संच करून दिले.

१९३४ मध्ये एस्थर क्लॉस्कीशी लग्न झालं. काळ महामंदीचा होता. कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यातली हिशेबनीसाची नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत लागला, तर सहाच महिन्यांत तिथल्याही हिशेबनिसांना घरी पाठवलं.

शेवटी १९३८ मध्ये लिओनं ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला स्वतःचं दुकान टाकलं. नाव ठेवलं फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे आणि बँडवाल्यांचे बिघडलेले अॅम्प्लिफायरही यायचे. रोज उघडून पाहिल्यावर त्याला एक गोष्ट कळत गेली. कुठला पार्ट सारखा जळतो, कुठली वायर हादऱ्यानं तुटते, कुठला डबा असा बनवलाय की साधा जोड पाहायला सगळं खोलावं लागतं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका बघूनच त्याचं शिक्षण चाललं होतं.

ही स्टील गिटार म्हणजे नेमकी कोणती?

साधी गिटार छातीशी धरून वाजवतात आणि तारा बोटांनी दाबतात. स्टील गिटार आडवी ठेवतात. डाव्या हातात धातूची एक गुळगुळीत कांडी असते, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. त्यामुळं एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येतं. आपल्या गाण्यात जिला मींड म्हणतात, अगदी तशी.

ही पद्धत हवाई बेटांवरची. जोसेफ केकुकू या वादकाला तिचं श्रेय दिलं जातं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईचं संगीत अमेरिकेत घरोघर पोचलं. पुढं ते भारतातही आलं. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत लडिवाळपणे घसरणारा जो गिटारचा सूर ऐकू येतो, तो या हवाइयन गिटारचा. मुंबईत व्हॅन शिपली यांनी ती गाजवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले आणि विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही याच घराण्यातली.

पण या गिटारची एक मोठी अडचण होती. वाद्य आडवं असल्यानं आवाज ऐकणाऱ्यांकडं न जाता छताकडं जायचा. त्यात वाजवायच्या एकेकट्या तारा. बाजूला तुतारीसारखी पितळी वाद्यं आणि ड्रम असले की बिचारा स्टील गिटारवाला फक्त हात हलवताना दिसायचा.

म्हणूनच वाद्यांचा आवाज वाढवायचे पहिले मोठे प्रयोग याच गिटारवर झाले. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपयेरा आणि जॉर्ज बोशाँ यांनी गिटारच्या पोटात पातळ अॅल्युमिनियमच्या शंकूसारख्या चकत्या बसवल्या. आवाज वाढला, पण पुरला नाही. मग बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये लोहचुंबकाचा पिकअप असलेली अॅल्युमिनियमची स्टील गिटार बाजारात आणली. दिसायला ती थेट तव्यासारखी होती, म्हणून तिचं नावच फ्राइंग पॅन पडलं. बाजारात खऱ्या अर्थानं चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच.

आता गिटार इलेक्ट्रिक झाली. पण तिच्यातून येणारा करंट अगदी बारीक. त्याला मोठं करणारा अॅम्प्लिफायर मात्र अजून कच्चा होता.

डॉक कॉफमन आणि दुकानामागचा धंदा

महायुद्धाच्या वर्षांत लिओच्या दुकानात क्लेटन कॉफमन नावाचा माणूस येऊ लागला. सगळे त्याला डॉक म्हणायचे. तो स्वतः स्टील गिटार वाजवायचा आणि रिकनबॅकरकडं काम करून आलेला होता. एकाला वाद्य कळत होतं, दुसऱ्याला वीज.

दोघांनी मिळून नव्या पिकअपची स्टील गिटार बनवली, १९४४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि के अँड एफ ही कंपनी काढली. १९४५ पासून ते एक जोडी विकू लागले : एक स्टील गिटार आणि सोबत तिचाच अॅम्प्लिफायर. लिओचा हिशेब सरळ होता. वाद्य चांगलं आणि अॅम्प्लिफायर फुसका असेल तर पैसे वाया.

डॉकला कर्ज काढून धंदा वाढवायची भीती वाटत होती. १९४६ मध्ये तो बाजूला झाला. लिओनं मात्र फेंडर नावानं कंपनी चालू ठेवली.

मोठा आवाज म्हणजे नुसता गोंगाट नाही

त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिम भागात वेस्टर्न स्विंग नावाच्या नाचाच्या संगीतानं धुमाकूळ घातला होता. बॉब विल्ससारख्यांच्या बँडमध्ये फिडल, तुतारीसारखी वाद्यं, ड्रम आणि स्टील गिटार हे सगळं एकत्र. हॉल मोठे, नाचणाऱ्यांची गर्दी मोठी. माइक फक्त गायकापुढं. त्यामुळं स्टील गिटारवाल्याची भाकरी त्याच्या अॅम्प्लिफायरवर अवलंबून होती. ऐकूच येत नसेल तर पुढच्या कार्यक्रमाला बोलावणार कोण?

सुरुवातीचे अॅम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचे असायचे. बटण पूर्ण फिरवलं की आवाज वाढायचा थांबायचा आणि फाटायला लागायचा. जत्रेत भोंगा जास्त ताणला की आवाज चिरकतो, तसंच.

इथं वॅटचं गणित समजून घ्यायला हवं. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला थोडा फरक जाणवतो इतकाच. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे २० वॅटवाल्याच्या दुप्पट मोठं ऐकू यायला थेट २०० वॅट.

म्हणून लिओनं दोन्हीकडून प्रयत्न केला. वॅट वाढवले आणि स्पीकरही वाढवले. १९४६-४७ च्या सुमारास त्यानं दोन स्पीकरचा अॅम्प्लिफायर काढला. दोन्ही स्पीकर थोडे बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवलेले, म्हणजे आवाज हॉलभर पसरेल. १९५२ मध्ये ट्विन हा अॅम्प्लिफायर आला, सुमारे २५ वॅटचा. त्याच दशकाच्या अखेरीस तोच ट्विन ८० वॅटपर्यंत पोचला.

दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं प्रत्येक मॉडेलमध्ये दिसायचं. लाकडी खोका मजबूत, आतली जोडणी सुटसुटीत, मागची फळी काढली की काम हाताशी. पुढं त्यानं अॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंना पाय दिले, म्हणजे तो मागं कलता ठेवता येईल. जमिनीवरचा स्पीकर वादकाच्या गुडघ्यांनाच ऐकवत असतो. कलता ठेवला की तोच आवाज कानाकडं येतो. एक वॅटही न वाढवता वादकाला जास्त ऐकू यायला लागलं.

नवा नमुना तयार झाला की लिओ तो कार्यक्रम करणाऱ्या वादकांच्या हातात द्यायचा. नोएल बॉग्ज, लिऑन मॅकऑलिफ यांसारखे नावाजलेले स्टील गिटारवादक फेंडरची वाद्यं वाजवायचे. १९५३ मध्ये त्यानं फ्रेडी तवारेस या हवाईच्या स्टील गिटारवादकाला कामावरच घेतलं. लूनी ट्यून्स कार्टूनच्या सुरुवातीला जो सुर्रकन वर जाणारा सूर येतो, तो या फ्रेडीच्या स्टील गिटारचा. आपल्याला वाजवता येत नाही, तेव्हा ज्याला येतं त्याचं ऐकायचं, ही लिओची पद्धत शेवटपर्यंत टिकली.

मग आली पेडल स्टील

१९५४ मध्ये वेब पिअर्स या गायकाचं एक गाणं अमेरिकेत तुफान चाललं. त्यात बड आयझॅक्स या वादकानं तार वाजत असतानाच पायानं पेडल दाबून तिचा सूर बदलला होता. एक सूर जागेवर आणि दुसरा त्याच्याकडं सरकत जाणारा. त्यानंतर कंट्री संगीतात प्रत्येकाला हा आवाज हवा होता.

लिओनं १९५७ मध्ये फेंडर १००० ही पेडल स्टील आणली. आठ-आठ तारांच्या दोन पट्ट्या, खाली पेडलं आणि त्यांना जोडणाऱ्या केबल. सोबत एकाच पट्टीची फेंडर ४०० होती.

पेडल स्टीलला अॅम्प्लिफायर इतका दमदार का लागतो, याचं कारण वादकाच्या उजव्या पायाखाली असतं. तिथं आवाज कमी-जास्त करणारं एक वेगळं पेडल असतं. तार छेडली की सूर सुरुवातीला मोठा असतो, मग विरत जातो. वादक सुरुवातीला हे पेडल अर्ध्यावर ठेवतो आणि सूर विरायला लागला की हळूहळू दाबत नेतो. त्यामुळं सूर एकसारखा लांबत राहतो, जणू कुणी गातंय.

म्हणजे अॅम्प्लिफायरकडं कायम शिल्लक ताकद हवी. बीडमधून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर पूर्ण ताकद लावत नाही, पण घाट लागला की ती शिल्लक कामाला येते. शिल्लक नसेल तर ट्रॅक्टर धापा टाकतो आणि अॅम्प्लिफायर फाटतो. त्यात पेडल स्टीलवर तीन-चार तारा एकदम वाजतात. आवाज फाटला की त्या तारांचे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून इथं मोठा आणि स्वच्छ, दोन्ही एकदम लागतं.

१९६३ मध्ये आलेला ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा होता, १२ इंची दोन स्पीकर आणि तीसेक किलो वजन. उचलताना वादकांची कंबर मोडायची, पण आवाज फाटत नाही म्हणून तो पेडल स्टीलवाल्यांचा लाडका झाला.

स्पीकर जाळणारा गिऱ्हाईक

याच सुमारास डिक डेल नावाचा तरुण लिओकडं येत होता. पल्प फिक्शन सिनेमाच्या सुरुवातीला जे वेगवान गिटार वाजतं, ते त्याचं. तो इतक्या जोरात वाजवायचा की एकामागून एक अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जळून जायचे.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा, जरा हळू वाजव. लिओनं त्याच्यासाठी अॅम्प्लिफायरच बदलला. मोठा ट्रान्सफॉर्मर घातला, जेबीएल कंपनीचा १५ इंची स्पीकर घेतला आणि तो टिकत नाही म्हणल्यावर कंपनीकडून त्यात बदल करून घेतले. त्यातून शोमन हा अॅम्प्लिफायर तयार झाला. पुढं १५ इंची स्पीकर पेडल स्टीलवाल्यांनीही आपलासा केला, कारण तिच्या खालच्या जाड तारांचा सूर त्यावर भरीव येतो.

एक उलटी गोष्टही घडली. लिओ आयुष्यभर स्वच्छ आवाजाच्या मागं होता. पण अनेक गिटारवाल्यांना त्याचे अॅम्प्लिफायर ताणल्यावर फाटणारा आवाजच आवडला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानानं १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन या अॅम्प्लिफायरवरून आपला पहिला अॅम्प्लिफायर बनवला आणि रॉक संगीताचा फाटका आवाज तिथून पुढं गेला.

मरणाच्या भीतीनं विकलेली कंपनी

१९५० च्या दशकापासून लिओला सायनसच्या संसर्गानं छळलं होतं. औषधं चालू होती, गुण येत नव्हता. आपण फार दिवसांचे सोबती नाही, असं त्याला वाटू लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्यानं १ कोटी ३० लाख डॉलरला कंपनी सीबीएसला विकून टाकली. ६०० डॉलरच्या उसनवारीवर सुरू झालेल्या दुकानाची ही किंमत.

आणि मग नव्या डॉक्टरनं त्याला बरं केलं!

आता माणूस ठणठणीत, खिशात पैसा, पण कंपनी दुसऱ्याची. करारानुसार दहा वर्षं स्पर्धेत उतरायचं नव्हतं. लिओ सल्लागार म्हणून राहिला, प्रयोग करत राहिला. मुदत संपल्यावर १९७५ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. १९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्यासोबत त्यानं जी अँड एल ही कंपनी काढली. नाव सरळ, जॉर्ज आणि लिओ.

दरम्यान पेडल स्टीलच्या अॅम्प्लिफायरची गादी दुसऱ्याकडं गेली. मिसिसिपीतल्या हार्टली पीव्ही यानं १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टरवर चालणारा २०० वॅटचा सेशन ४०० बाजारात आणला. तो पेडल स्टीलवाल्यांना नजरेसमोर ठेवूनच बनवला होता. व्हॉल्व्ह बदलायची कटकट नाही आणि शिल्लक ताकद भरपूर. नंतर आलेला नॅशव्हिल ४०० तर अनेकांचा ठरलेला अॅम्प्लिफायर झाला. तंत्र बदललं, पण आधी वादकाला काय लागतं ते बघायचं, हा धडा लिओचाच होता.

आजही उपयोगी पडणारा हिशेब

पेडल स्टील असो, हवाइयन गिटार असो की बेंजो, अॅम्प्लिफायर घेताना लिओच्या कामातून निघणाऱ्या तीन गोष्टी आजही लागू पडतात.

पहिली, रोज लागतो त्यापेक्षा जास्त ताकदीचा अॅम्प्लिफायर घ्यायचा आणि तो अर्ध्यावर वाजवायचा.

दुसरी, नुसते वॅट न बघता स्पीकर बघायचा. तितक्याच वॅटमध्ये ३ डेसिबल जास्त आवाज देणारा स्पीकर म्हणजे फुकटात दुप्पट वॅट मिळाल्यासारखं.

तिसरी, दुकानात एकट्यानं वाजवून ठरवायचं नाही. ताशा, ड्रम आणि माणसं असतील तिथं वाजवून बघायचं.

लिओला पुढं पार्किन्सनच्या आजारानं गाठलं. तरी तो आपल्या टेबलाकडं जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, फुलर्टनमध्येच त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं. ज्या यादीत जगातले मोठमोठे गायक-वादक आहेत, तिथं गिटार वाजवता न येणारा हा रेडिओवाला त्यांच्या रांगेत बसलाय.